सुकटीचा वास आणि सुशीचे ताट

कल्याण ते ठाणे हा धीम्या लोकलचा प्रवास ज्यांनी वर्षानुवर्षे केला आहे, त्यांना त्या वाटेवरचे सगळे वास पाठ असतात. कोपरच्या पुढे खाजणाचा वास, दिव्याला तळणीच्या तेलाचा, मुंब्रा आणि कळव्याच्या मध्ये खाडीच्या चिखलाचा. आणि मालडब्यात मासळीच्या पाट्या चढल्या की शेजारच्या डब्यापर्यंत येणारा ओल्या-सुक्या मासळीचा. या शेवटच्या वासाला रुमाल लावणारी माणसेही रोज भेटतात. पाटीवाली कोळीण असो की सुकट विकून घर चालवणारी आपल्या वस्तीतली एखादी बाई असो, त्या रुमालाचा अर्थ तिला बरोबर कळतो.

खरे म्हणजे हा सगळा पट्टाच खाडीचा. ठाणे स्टेशनपासून चेंदणी कोळीवाडा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी आगगाडी ठाण्याला आली, तेव्हाही तिथे होड्या होत्या आणि जाळी वाळत होती. कल्याणचे बंदर तर त्याहून कितीतरी जुने. कल्याणच्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी भिक्खुसंघाला दिलेल्या दानाचे शिलालेख कान्हेरीच्या लेण्यांत आहेत. समुद्र, मासळी आणि बुद्धाचा धम्म या तिन्ही गोष्टी या भागाला नव्या नाहीत.

नवे आहे ते हे की, अलीकडे ठाण्यात जपानी पद्धतीचे जेवण देणारी हॉटेले निघाली आहेत. तिथे ‘सुशी’ नावाचा पदार्थ मिळतो. गार, आंबटसर भाताच्या मुटक्यावर माशाचा तुकडा, तोही पुष्कळदा कच्चा. वास येतो म्हणून लोकलमध्ये नाकाला रुमाल लावणारी मंडळी याच माशाचे फोटो काढतात आणि शेकडो रुपये मोजतात. हा काय प्रकार आहे, ते आपल्या कुटुंबांना कळावे म्हणून हा लेख.

योग असा आला की माझ्या बहिणीच्या मुलीला वागळे इस्टेटमधल्या एका कचेरीत नोकरी लागली. पहिल्या पगारात आजीला, मामा-मामीला आणि आमच्या नववीतल्या चिरंजीवांना ती जेवायला नेणार होती. कुठे, ते तिनेच ठरवले होते. आषाढी पौर्णिमेच्या आधीचा रविवार होता. कल्याण पूर्वेहून आम्ही पाच जण निघालो.

ठाण्यात उतरून बसने महामार्गाकडे जाताना आपल्या लोकांच्या घामाचा इतिहास दोन्ही बाजूंना दिसतो. वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची 1962 सालची पहिली वसाहत. जेकेग्रामला रेमंडची गिरणी 1925 साली सुरू झाली होती. खेड, मंडणगड, महाड, पोलादपूरकडून आलेल्या कितीतरी बौद्ध कुटुंबांची पहिली पिढी या भागातल्या कारखान्यांत पाळीवर जात होती. आज रेमंडच्या जमिनीवर उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. जिथे भोंगा वाजायचा तिथे आता काचेची दारे आणि थंड हवा आहे. पहिल्या पिढीने तिथे यंत्रावर काम केले, तिसरी पिढी तिथे संगणकावर काम करते. मधल्या पिढीतले आम्ही मॉलच्या दारात पिशवी तपासून घेत आत शिरलो.

हॉटेलच्या दाराशी मात्र आई थांबली. पांढरे लुगडे, हातात कापडी पिशवी, पायात रबरी चपला. आतल्या मंद दिव्यांकडे पाहून तिने हळूच विचारले, “इथं आपल्याला घेतील का रे?”

भाची हसली. “आजी, पैसे दिले की सगळ्यांना घेतात.”

तिचे बोलणे खरे होते, पण आईचा प्रश्न पैशांचा नव्हता. तिच्या लहानपणी गावच्या एस.टी. स्टँडजवळच्या हॉटेलात आपल्या लोकांसाठी कानतुटका कप बाहेर वळचणीला खोचलेला असे. आपण तो काढायचा, आपणच धुवायचा, चहा वरून ओतला जाणार आणि तो उकिडवे बसून प्यायचा. अस्पृश्यतेला गुन्हा ठरवणारा कायदा 1955 साली झाला होता. आईने तो कप पाहिला तो त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. अशी आठवण ज्या माणसाच्या अंगात मुरली आहे, त्याचा पाय काचेच्या दाराशी अडखळणारच.

म्हणून भाचीला मी तिथेच सांगितले ते इथेही सांगतो. हे दार आपल्यासाठी केवळ पैशाने उघडलेले नाही. भारतीय संविधानाच्या पंधराव्या कलमात दुसरे उपकलम आहे. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश करताना धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे ते सांगते. त्याच उपकलमात पुढे विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते येतात. तलाव म्हटला की आपल्याला 20 मार्च 1927 चे चवदार तळे आठवते. त्या दिवशी बाबासाहेबांच्या मागून पाणी पिऊन परतलेल्या लोकांवर मंडपात जेवतानाच हल्ला झाला आणि शिजवलेले अन्न मातीत मिसळले गेले. पाणी आणि अन्न यांचा लढा एकाच दिवसाचा आहे. हॉटेलचे दार संविधानात कसे आले हे ज्याला कळले, त्याने कुठल्याही दाराशी मान खाली घालण्याचे कारण नाही.

आणि हॉटेलचा विषय निघालाच आहे तर कोल्हापूरही आठवावे. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याच्या कारणावरून मारहाण झाली. महाराजांनी त्यांना चहाचे हॉटेल काढायला लावले. त्याचे नाव ‘सत्यसुधारक’. वरच्या जातीची माणसे तिकडे फिरकेनात, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या सरदार-दरकदारांनाही तो प्यावा लागला. एका कपाने काय होऊ शकते, हे त्या राजाला कळले होते.

असो. आम्ही आत गेलो. वेटरने खुर्ची ओढून आईला आदराने बसवले. मेनूकार्ड हातात आले. ते रंगीत होते, पण नावे सगळी परकी. भाचीने कचेरीतल्या मैत्रिणींबरोबर हे खाल्लेले असल्यामुळे तिनेच समजावून दिले. ‘माकी’ म्हणजे गुंडाळी. समुद्रातल्या शेवाळाचा वाळवलेला, कागदासारखा पातळ पापुद्रा घेतात, त्याला ‘नोरी’ म्हणतात. त्यावर भात पसरून आत काकडी, कोळंबी किंवा मासा ठेवून गुंडाळतात आणि आळूवडीच्या उंड्यासारखे कापतात. ‘निगिरी’ म्हणजे हाताने दाबलेला भाताचा लांबट मुटका, वर माशाचा तुकडा. भाताला तांदळाचाच शिरका, थोडी साखर आणि मीठ लावलेले असते. आणि भाताशिवाय नुसत्या कच्च्या माशाच्या फोडी मिळतात, त्याला ‘साशिमी’ म्हणतात. तेव्हा सुशी म्हणजे कच्चा मासा हा समज अर्धाच बरोबर आहे. सुशीची ओळख आंबट भात ही आहे. काकडीची सुशीही सुशीच, आणि शाकाहारी माणसालाही ती चालते.

आम्ही काकडीची एक गुंडाळी, तळलेल्या कोळंबीची एक, सामन माशाची निगिरी, दोन वाट्या सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याचे सार आणि मुलासाठी नूडल्स मागवल्या. ताट आले. केशरी रंगाचा कच्चा सामन पाहताच चिरंजीव म्हणाले, “सुशी कसली, ही तर शी!”

सगळे हसले. आई मात्र हसली नाही. ती म्हणाली, “असं म्हणू नये बाळा. कुणाच्या तरी घरचं अन्न आहे ते. तुला नको तर खाऊ नको, पण दुसऱ्याच्या ताटाला नाक मुरडू नको. आपल्या ताटाला लई जणांनी मुरडलंय.”

तिने स्वतः कच्चा मासा खाल्ला नाही. कोळंबीची गुंडाळी बोटांनी उचलून खाल्ली, भात चावून पाहिला आणि निकाल दिला, “तांदूळ चिकट आहे आणि भात गार आहे. पण कोळंबी चांगली आहे.” हाताने खाल्ले म्हणून भाची जरा बावरली होती. पण सुशी हाताने खाणे जपानमध्येही रीतीला धरून आहे. चॉपस्टिक नावाच्या काड्या जमल्या तर वापराव्यात, न जमल्या तर बोटे आहेतच.

आता या पदार्थाचा इतिहास पाहा. तो वाचल्यावर माझ्या मनात सुकटीबद्दलचा अभिमानच वाढला. सुशीचा आरंभ कुठल्याही राजवाड्यात झालेला नाही. आग्नेय आशियातल्या आणि दक्षिण चीनमधल्या भातशेतीच्या भागांत मासा टिकवण्याची एक युक्ती होती. मासा खारवायचा, शिजलेल्या भातात दाबून ठेवायचा आणि महिनेच्या महिने तसाच राहू द्यायचा. भात आंबतो आणि त्या आंबटपणाने मासा सडत नाही. खाताना मासा घ्यायचा, भात बहुधा टाकून द्यायचा. ही रीत जपानला पोहोचली. तिथल्या बिवा सरोवराच्या काठी या जुन्या पद्धतीची ‘फुनाझुशी’ आजही करतात आणि तिचा वास इतका उग्र असतो की कित्येक जपानी माणसांनाही तो सोसत नाही. म्हणजे सुशीचे मूळ रूप हे आपल्या सुक्या मासळीचे चुलत भावंडच. आपण मीठ आणि ऊन वापरले, त्यांनी मीठ आणि भात वापरला. दोन्हीकडे हेतू एकच, पावसाच्या आणि टंचाईच्या दिवसांत गरिबाच्या घरी चार घास असावेत.

पुढे लोकांना वाट पाहायला वेळ उरला नाही. भात आंबवण्याऐवजी त्यात शिरका घालू लागले. एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रस्त्यावरच्या गाड्यांवर निगिरी विकली जाऊ लागली. हानाया योहेई नावाच्या विक्रेत्याचे नाव या प्रकाराशी जोडले जाते. तेव्हाचा मुटका आजच्यापेक्षा बराच मोठा असे. कामकरी माणूस उभ्या उभ्या दोन-तीन खाऊन कामाला जाई. आपल्याकडचा वडापावच म्हणा ना! आज जगातल्या श्रीमंतांना हवा असलेला ट्यूना माशाच्या पोटाचा चरबीदार तुकडा त्या काळी कोणी विचारत नसे. मांजरसुद्धा ओलांडून जाईल असा मासा, अशी त्याची हेटाळणी होती. 1958 साली ओसाका प्रांतात योशिआकी शिराइशी यांनी फिरत्या पट्ट्यावर सुशीच्या बश्या ठेवणारे हॉटेल काढले. ही कल्पना त्यांना बिअरच्या कारखान्यातल्या बाटल्यांच्या पट्ट्यावरून सुचली. त्यामुळे सुशी स्वस्त झाली आणि कामगार कुटुंबांच्या आवाक्यात आली.

आणि आमच्या ताटातला तो केशरी सामन? कच्चा सामन खाण्याची चाल जपानची जुनी नव्हे. 1980 च्या दशकात नॉर्वे देशाने आपला सामन खपवण्यासाठी जपानमध्ये प्रयत्न केले, त्यानंतर ती रुळली. जे आज ‘अस्सल’ म्हणून विकले जाते ते पुष्कळदा कालपरवाचे असते, आणि जे आज उंची म्हणून मिरवते ते काल टाकाऊ असते. मासा तोच, मग बदलते ते काय? तो कोण खातो एवढेच बदलते.

ही गोष्ट बाबासाहेबांनी आपल्या समाजाच्या बाबतीत फार आधी तपासली होती. ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या विषयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1948 साली प्रसिद्ध झाला. अन्नाच्या आधारावर माणसाला नीच कसे ठरवले गेले, याचा शोध त्यात आहे. महाडच्या परिषदेत त्यांनी आपल्या लोकांना मृत जनावराचे मांस सोडायला सांगितले. ते स्वाभिमानासाठी होते. पण स्वतःच्या घामाच्या पैशाने आणलेल्या, स्वच्छ शिजवलेल्या अन्नाची लाज वाटून घ्या, असा त्याचा अर्थ होत नाही. या दोहोंत फरक आहे आणि तो आपल्या मुलांना समजावून दिला पाहिजे.

चिरंजीवांनी जेवताना एक प्रश्न काढला. “पप्पा, जपानी लोक बौद्ध ना? मग मासे कसे खातात?” प्रश्न रास्त होता. तथागतांनी भिक्खूंना सांगितले की, आपल्यासाठी प्राणी मारला गेला हे पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका असेल तर ते मांस घेऊ नये. देवदत्ताने मांसाहार सक्तीने बंद करण्याची मागणी केली, ती त्यांनी मान्य केली नाही. जपानमध्ये मठांतले शाकाहारी जेवण वेगळे आहे आणि ते नावाजलेलेही आहे. सामान्य लोक मासे खात आले. मांसाला मात्र तिथे दीर्घकाळ कमी लेखले गेले. 675 साली सम्राट तेन्मू यांनी गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर वर्षाच्या काही महिन्यांपुरती बंदी घातली होती. पुढे हजार-बाराशे वर्षांनी, 1872 मध्ये, सम्राट मेईजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले.

पण मुलाला मी पुढचेही सांगितले, कारण अर्धे सांगणे बरे नव्हे. जनावरे कापणारे, कातडी कमावणारे, मृतांची कामे करणारे लोक जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवले गेले. त्यांना आज ‘बुराकू’ समाज म्हणतात. 1871 मध्ये सरकारने कायद्याने हा भेद रद्द केला, तरी लग्नात आणि नोकरीत तो चालूच राहिला. 3 मार्च 1922 रोजी क्योतो येथे त्या लोकांनी ‘सुइहेइशा’ ही स्वतःची संघटना स्थापन केली. महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी, समुद्रापलीकडे, आपल्यासारखीच माणसे आपल्यासारखाच लढा उभारत होती. आणि दुःखाची गोष्ट अशी की, बौद्ध म्हणवणाऱ्या कित्येक मंदिरांनीही या लोकांना मृत्यूनंतर हिणवणारी नावे दिल्याचे पुढे उघडकीस आले. नुसता बुद्धाचा पुतळा असून भागत नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा का दिल्या, हे यावरून कळावे.

याचा अर्थ जपानशी आपले वाकडे आहे असे नव्हे. उलट नाते जिव्हाळ्याचे आहे. जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरई ससाई नागपुरात येऊन आपल्यातलेच झाले आणि महाबोधी महाविहाराच्या मुक्तीसाठी झटले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे विहार जपानी उपासिका नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने 1999 साली उभे राहिले. 2015 मध्ये जपानच्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. नात्यातल्या माणसाचे गुण घ्यावेत आणि दोषही ओळखावेत.

आमच्या टेबलावर वाढणारा वेटर मणिपूरचा होता. मुलाचे प्रश्न ऐकून तो थोडा मोकळा झाला. त्याच्या घरी ‘ङारी’ नावाची आंबवलेली मासळी जेवणात रोज लागते. इथे तो आणखी तिघांबरोबर खोली घेऊन राहतो. पण ङारी घातलेले कालवण शिजवले की शेजारी दार वाजवतात, म्हणून ते शिजवायचेच त्यांनी सोडले आहे. दिवसभर तो दुसऱ्या देशाची मासळी उंची ताटांतून वाढतो आणि स्वतःच्या घरची मासळी शिजवायला घाबरतो. 2007 साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांसाठी सूचनांची पुस्तिका काढली होती. वासाचे पदार्थ शेजाऱ्यांत गडबड न होता शिजवावेत, असा सल्ला तिच्यात होता आणि त्यावर बरीच टीकाही झाली होती.

हे ऐकून माझी पत्नी गप्प झाली. आम्ही डोंबिवलीत भाड्याने घर शोधत होतो तेव्हाचे तिला आठवले. दलालाचा पहिला प्रश्न असे, “नॉनव्हेज खाता का?” आणि दुसरा, “आडनाव काय?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर काहीही दिले तरी दुसऱ्या प्रश्नानंतर घर आधीच गेलेले असे. जात विचारायला लाज वाटते तेव्हा वास विचारला जातो, हे आपल्या आयाबहिणींना वेगळे सांगायला नको.

आता हिशेबाकडे येऊ, कारण कुटुंबवत्सल माणसाला तोही लागतो. काकडीची गुंडाळी 390, कोळंबीची 590, सामन निगिरी 450, सार 440, नूडल्स 480. बेरीज 2,350 रुपये. त्यावर 5 टक्के जीएसटी 117 रुपये 50 पैसे. बिलात आणखी 10 टक्के सेवा शुल्क, म्हणजे 235 रुपये, लावले होते. भाचीने ते काढायला सांगितले आणि वेटरने लगेच काढून आणले. हे शुल्क ऐच्छिक आहे, ते बिलात परस्पर लावू नये, अशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये काढल्या आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. वेटरला खुशीने काही द्यायचे तर ते त्याच्या हातात द्यावे. भाचीनेही तसेच केले.

2,467 रुपये 50 पैसे! एवढ्या पैशात आमच्या घरी महिन्याचा तांदूळ आणि डाळ येते. तेव्हा असे जेवण वारंवार करावे असे मी म्हणणार नाही. पण वर्षातून एकदा, मुलाच्या निकालाला किंवा मुलीच्या पहिल्या पगाराला, अनोळखी दारात जायला हरकत नाही. जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. मेनूकार्डाच्या उजव्या बाजूचे आकडे आधी पाहावेत, त्यात लाज नाही. कच्चे कोणते, शिजवलेले कोणते, हे वेटरला सरळ विचारावे. ताटातला हिरवा गोळा ‘वासाबी’ असतो, तो चटणीसारखा बोटभर न घेता टाचणीच्या डोक्याएवढा घ्यावा, कारण त्याचा झणका थेट नाकात जातो. आल्याच्या लोणच्याच्या गुलाबी चकत्या दोन घासांच्या मध्ये तोंड साफ करायला असतात. पाणी हवे असल्यास साधे मागावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा प्रयोग घरी करू नये. बाजारातून आणलेली सुरमई किंवा रावस कच्चा खाणे धोक्याचे आहे. माशात जंत असू शकतात. कच्चा खायचा मासा आधी उणे 20 अंश तापमानात सात दिवस किंवा त्याहून कडक थंडीत गोठवावा लागतो आणि घरच्या फ्रिजमध्ये ते नीट साधत नाही. गरोदर बायांनी, लहान मुलांनी आणि आजारी माणसांनी हॉटेलातही कच्चा मासा टाळावा.

जून-जुलैत आपल्या समुद्रात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा तो काळ. त्या दिवसांत आपल्या घरांना सुकट, बोंबील आणि सोडेच तारतात. ही खेकडा-मासळीची, वाळवणाची, चुलीवरच्या भाकरीची विद्या आपल्या आजीकडे आहे आणि ती कुठे लिहून ठेवलेली नाही. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक 2015 साली लिहिले. मराठवाड्यातल्या दलित घरांतले अन्न त्यांनी शब्दांत आणले आणि आता त्याचा इंग्रजी अनुवादही झाला आहे. कोकणातल्या आपल्या घरांचे असे लिहिणे अजून व्हायचे आहे. ज्यांच्या घरी सत्तरीच्या पुढची आई, आजी किंवा आत्या आहे, त्यांनी एक वही घ्यावी. ती सुकट कशी निवडते, बोंबील कुठल्या वाऱ्यावर वाळवते, भिजवताना पाणी किती, आमसूल केव्हा घालते, हे तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. शाळकरी मुलींना हे काम चांगले जमेल.

जपानी माणसाने आपल्या रस्त्यावरच्या गाडीवरचा मुटका जगाला अभिमानाने दाखवला, तेव्हा जगाने तो डोक्यावर घेतला. आपण मात्र कचेरीत डबा उघडताना झाकण अर्धे ठेवतो. आमची मुले शिकली, नोकरीला लागली, काचेच्या दारातून आत गेली, याचा आनंद आहेच. पण परक्या मुलखातला कच्चा मासा कौतुकाने खाणाऱ्या मुलीला आपल्या डब्यातला तळलेला बोंबील चारचौघांत उघडता येत नसेल, तर तिचे शिक्षण अजून अपुरे आहे असे समजावे. तिने डबा उघडावा, शेजारणीला विचारून एक तुकडा पुढे करावा आणि शेजारणीच्या डब्यातलेही आवडीने घ्यावे. आणि तो मणिपूरचा मुलगा ज्या वस्तीत राहतो, तिथे आपले एखादे घर असेल तर त्याच्या दारावर थाप पडणार नाही, एवढे आपण नक्की पाहावे.

जयभीम!